शेवट झाकून मधली पानं वाचा

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची पत्रं जास्त आली. कुणी स्वतः खचलंय, कुणाच्या घरातलं माणूस खचलंय, आणि आजूबाजूचे लोक त्यांना थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगताहेत. या गोष्टींनी खरंच बळ येतं का, आणि येत नसेल तर का येत नाही, असं बहुतेकांनी विचारलंय. मी अंध मुलांच्या शाळेत भाषा आणि ब्रेल शिकवते. ‘यांच्याकडून प्रेरणा घ्या’ हे वाक्य पाहुण्यांच्या तोंडून माझ्या वर्गानं फार वेळा ऐकलंय. त्या वर्गात राहून जे उमगलं, ते धरूनच उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, मी प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाले. रोज रात्री झोपण्याआधी जिद्दीनं वर आलेल्या माणसांचे व्हिडिओ बघते. तेवढ्यापुरता हुरूप येतो. सकाळी पुस्तक उघडलं की सगळं ओसरलेलं असतं. उलट वाटतं, त्यांच्यात काहीतरी होतं, माझ्यात ते नाही. दोष माझ्यातच आहे का?

नाही गं, दोष तुझ्यात नाही. तू बघतेस त्या गोष्टी सांगण्याच्या पद्धतीत आहे. सुरुवातीला संकट, मग संगीत, मग टाळ्या. मधली दहा-पंधरा वर्षं गाळलेली. आणि तू आज नेमकी त्या गाळलेल्या भागात उभी आहेस. त्या गोष्टीत तुला तुझी जागाच सापडत नाही, मग सकाळी हाताशी काय उरणार?

लुई ब्रेलची गोष्ट तू ऐकली असशील. लहानपणी दृष्टी गेली, पुढे त्यानं अंधांसाठी लिपी शोधली. दोन वाक्यांत संपते. वर्गात मी ती अशी सांगत नाही. त्याचा जन्म १८०९ चा, पॅरिसजवळच्या कूव्रे गावातला. वडील घोड्यांचे खोगीर-लगाम बनवायचे. तीन वर्षांचा असताना त्यांच्या हत्यारांशी खेळताना आरी डोळ्यात घुसली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंध मुलांच्या संस्थेत आला. तिथे पुस्तकं होती, पण डोळसांचीच अक्षरं कागदावर उठवून छापलेली. एकेक अक्षर मोठं, पुस्तक उचलायला जड, आणि अशी पुस्तकं मोजकीच. बोटांनी चाचपून वाचता यायचं. मुलांना स्वतःच्या हातानं तसं लिहिणं मात्र जमण्यासारखं नव्हतं.

मग शार्ल बार्बिए नावाच्या एका माजी लष्करी अधिकाऱ्याची टिंबांची पद्धत संस्थेत आली. एका घरात बारा टिंबं, सहा-सहाच्या दोन उभ्या रांगा. अडचण होती ती बोटाच्या टोकाची. बारा टिंबं एका स्पर्शात मावत नाहीत. बोट वर-खाली फिरवावं लागतं आणि तेवढ्यात आधीचं अक्षर सुटतं. शिवाय ती नुसत्या उच्चारांची पद्धत होती, त्यात विरामचिन्हं नव्हती की शुद्धलेखन नव्हतं. लुई टिंबं कमी करत सहावर आला. सहा टिंबांचं घर पेराखाली बरोबर बसतं, बोट न हलवता अक्षर कळतं. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याचं बहुतेक काम झालं होतं. १८२९ मध्ये ते छापून आलं.

व्हिडिओ इथेच संपतो, आणि मी वर्गात इथूनच सुरुवात करते. त्यानंतर तो त्याच संस्थेत शिक्षक झाला, पण संस्थेनं अधिकृत लिपी म्हणून उठावाची जुनी अक्षरंच चालू ठेवली. १८४० च्या दशकात नव्या संचालकांनी तर टिंबांवर बंदी घातली. मुलं चोरून लिहीत राहिली. क्षयानं लुईची छाती पोखरत चालली होती. १८५२ मध्ये, ४३ वर्षांचा असताना तो गेला. संस्थेनं त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये. या सगळ्या वर्षांत तो काय करत होता, ते बघ. वर्ग घेत होता. चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता. १८३९ मध्ये त्यानं आणखी एक पद्धत काढली, अंध माणसानं लिहिलेलं पत्र डोळस माणसाला सरळ वाचता यावं म्हणून. आपल्या लिपीचं पुढे काय होणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. तुलाही आज तुझं ठाऊक नाही. एवढ्या बाबतीत तुम्ही दोघं अगदी सारखे आहात.

माझ्याकडे नवीन मूल आलं की त्याला ब्रेल पाटी आणि स्टायलस, म्हणजे टिंबं टोचायची टोकदार काडी, देते. पाटीवर उजवीकडून डावीकडे लिहायचं असतं, कारण टिंबं मागच्या बाजूनं टोचली जातात आणि वाचायला कागद उलटवावा लागतो. म्हणजे प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं टोचायचं. सुरुवातीला सगळ्यांचीच अक्षरं चुकीच्या बाजूला पडतात, मनगट दुखतं, कागद फाटतो. त्या दिवसांत मी मुलांना लुईनं जग कसं बदललं ते सांगत नाही. बारावरून सहावर येताना त्यानं काय काय खोडलं असेल, ते बोलतो आम्ही. मुलं लगेच आपापले तर्क सांगू लागतात. एक मुलगी म्हणाली होती, “बाई, त्याचापण कागद फाटला असेल ना?” त्यानंतर ती तासभर टोचत बसली.

तेव्हा तू एकच माणूस निवड. रोज नवा नको. त्याचं चरित्र, पत्रं, मुलाखती, जे मिळेल ते वाच आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वर्ष शोधून तिथे थांब. त्या वर्षी तो सकाळी उठून काय करत होता, कुणाची मदत घेत होता, काय सोडून देत होता, हे वहीत लिही. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल १८५० मध्ये शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाला. १८५६ मध्ये पुन्हा बसला, तेव्हाही ती पार पडली नाही. आणि वाटाण्याच्या रोपांवरचे त्याचे प्रयोग सुरू झाले तेही त्याच १८५६ च्या सुमारास. परीक्षा हुकली त्या माणसानं हातातलं दुसरं काम टाकलं नाही, एवढंच मी त्यातून घेते.

तुझ्यापुरतं बोलायचं तर रात्रीचे व्हिडिओ महिनाभर बंद ठेव. त्या वेळात दोन्ही परीक्षांचे गुण समोर घे आणि कुठल्या भागात गेले ते शोध. विषय समजला नव्हता, की वेळ पुरला नाही, की भीतीनं हात थिजला? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. आणि नीट शोधल्यावर असं दिसलं की ही वाट आपली नाही, तर दुसरी वाट धरण्यात कमीपणा मानू नकोस.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा हळूहळू दृष्टी गमावतो आहे. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट कल्पना दिली आहे. नातेवाईक येतात आणि त्याला हेलन केलरच्या गोष्टी सांगतात, पुस्तकं आणतात. परवा त्यानं ते पुस्तक भिरकावून दिलं. मी त्याला रागावले, पण मग रात्रभर झोप लागली नाही. त्याला कसं समजवू?

त्याला समजवायच्या आधी तो काय म्हणतोय ते ऐकू या. मला तर तो अगदी योग्य तेच म्हणतोय असं वाटतं. त्याचं काहीतरी मोठं जातंय, त्याला रडायचंय, भांडायचंय. अशा वेळी समोर एक महान माणूस उभं केलं की त्याच्या कानावर दोन गोष्टी पडतात. एक, तुला दुःख करायची परवानगी नाही. दोन, आता तुझं आयुष्य मोलाचं ठरायचं असेल तर तुला जगप्रसिद्ध व्हावं लागेल. अकरा वर्षांच्या पोरावर केवढं हे ओझं! आमच्या शाळेत पाहुणे येऊन “तुम्ही सगळे किती धैर्यवान” असं भाषण करून गेले की मुलं गप्प होतात. एकदा एका मुलानं मला हळूच विचारलं होतं, “बाई, धैर्यवान नसलो तर चालेल का? मला नुसतं बुद्धिबळ खेळायचंय.” चालेल, असं मी सांगितलं. तुम्हीही सांगा.

दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेल्या हेलन केलरची गोष्ट मात्र टाकून देऊ नका. ती तुम्ही वाचा, तुमच्यासाठी. हेलनपेक्षा तिच्या शिक्षिकेकडे, अ‍ॅन सलिव्हनकडे बघा. अ‍ॅनचा जन्म १८६६ चा. लहानपणीच ट्रॅकोमा या रोगानं तिची नजर अधू झाली. आई गेली, वडिलांनी सोडलं. तिला आणि तिच्या धाकट्या भावाला ट्यूक्सबरीच्या अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात टाकलं, आणि तिथे काही महिन्यांतच तो भाऊ वारला. तिथल्या गैरसोयींची पाहणी करायला अधिकारी आले तेव्हा ती त्यांच्या मागे धावली आणि “मला शाळेत जायचंय” म्हणून विनवणी केली. १८८० मध्ये ती बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत आली तेव्हा चौदा वर्षांची होती आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. १८८६ मध्ये ती तिथून वर्गात पहिली येऊन बाहेर पडली.

त्या शाळेत लॉरा ब्रिजमन नावाची एक प्रौढ बाई राहत होती. तिला दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. तिच्याशी बोलता यावं म्हणून अ‍ॅन तळहातावर बोटांनी अक्षरं काढायला शिकली. १८८७ च्या मार्चमध्ये ती हेलनच्या घरी पोचली ती हीच बोटांची भाषा घेऊन. महिनाभरानं, ५ एप्रिलला, हातपंपाची धार एका हातावर आणि दुसऱ्या हातावर ‘पाणी’ या शब्दाची अक्षरं, असा तो प्रसंग घडला. सगळेजण तेवढाच सांगतात. त्याआधीच्या महिन्यात ती मुलगी लाथा मारत होती, चावत होती, अ‍ॅनचा दात पाडत होती. हेलनचं पुढे जे झालं, त्याच्यामागे लॉरा होती, अ‍ॅन होती, शाळा होती, आणि शिक्षिका शोधून आणणारे आईवडील होते. एकटीनं कुणी काही केलं नाही. तुमच्या मुलाला असामान्य व्हायला सांगण्याऐवजी त्याच्याभोवती माणसं आणि साधनं उभी करणं, हे आपलं मोठ्यांचं काम आहे.

त्यातलं एक काम लगेच करा. ब्रेल आत्ताच सुरू करा, नजर थोडी शिल्लक असतानाच. पुष्कळ आईबाप पूर्ण दृष्टी जाईपर्यंत थांबतात, कारण ब्रेल शिकवणं म्हणजे हार मानणं असं त्यांना वाटतं. तोवर मुलाचं वाचन मागे पडतं आणि त्याची चीड आणखी वाढते. भिंगं, मोठी अक्षरं, मोबाइलवर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय आणि ब्रेल, सगळं बरोबरीनं चालू दे. आणि एखाद्या अल्पदृष्टी असलेल्या, रोज कामाला जाणाऱ्या साध्या माणसाशी त्याची ओळख करून द्या. त्या माणसाला भाषण द्यायला सांगू नका. दोघं एकत्र एखादा खेळ खेळू देत, फिरायला जाऊ देत. रस्ता कसा ओलांडता, कपडे कसे ओळखता, असले त्याच्या मनातले प्रश्न तो आपोआप विचारेल.

रागावलात त्याबद्दल त्याला जवळ घेऊन एकदा “तुझा राग मला कळला” एवढं म्हणा. पुस्तक कपाटात राहू द्या. वाटलं तर कधीतरी तो स्वतः काढेल.

प्रश्न : आइन्स्टाइन शाळेत गणितात नापास व्हायचे, हे आमच्या शिक्षकांनी सांगितलं. मुलांना धीर देण्यासाठी ही गोष्ट मीही सांगते. ती खरी आहे ना?

खरी नाही, आणि कृपा करून सांगू नका. आइन्स्टाइन गणितात लहानपणापासून फार पुढे होते. १८९५ मध्ये, सोळा वर्षांचे असताना, त्यांनी झ्युरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा दिली. त्यात ते उत्तीर्ण झाले नाहीत, कारण इतर सर्वसाधारण विषय कच्चे पडले. गणित आणि भौतिकशास्त्रातले गुण उत्तम होते. मग ते स्वित्झर्लंडमधल्याच आराऊ गावच्या शाळेत एक वर्ष राहिले, राहिलेले विषय पुरे केले आणि १८९६ मध्ये त्याच संस्थेत दाखल झाले. ही खरी गोष्ट मुलांच्या जास्त उपयोगाची आहे. खोट्या गोष्टीतून मूल शिकतं की काही न करताही सगळं आपोआप जमून येतं. खऱ्या गोष्टीतून कळतं की कच्चे विषय पक्के करायला एक वर्ष दिलं तर ते वाया जात नाही. खोटी गोष्ट पुढे कधीतरी उघडी पडते तेव्हा मुलांचा आपल्यावरचा विश्वासही जातो.

प्रश्न : मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. संशोधनाच्या क्षेत्रात वीस वर्षं घालवली. यंदा माझा विभाग बंद केला आणि मला खालच्या पदावर टाकलं. ज्यांना मी शिकवलं ते आता माझे वरिष्ठ आहेत. या वयात कुणाकडे बघून उभारी धरायची?

कातालिन कारिको यांच्याकडे बघा. २०२३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना ड्रू वाइसमन यांच्याबरोबर मिळालं, हे सगळ्यांना माहीत आहे. ते क्षणभर बाजूला ठेवा आणि १९९५ सालात या. कारिको हंगेरीतल्या, वडील खाटीक. १९८५ मध्ये नवरा आणि लहान मुलगी यांच्यासह अमेरिकेत आल्या. एम-आरएनएवर त्यांचं काम चाललं होतं. शरीरातल्या पेशींना प्रथिनं कशी बनवायची याचा निरोप नेणारा हा रेणू औषध म्हणून वापरता येईल, अशी त्यांची खात्री होती. अनुदान कुणी देईना. १९९५ मध्ये त्यांना पदावरून खाली उतरवलं गेलं. त्याच सुमारास कर्करोगाची शंका म्हणून त्यांच्या तपासण्या चालल्या होत्या आणि नवरा व्हिसाच्या अडचणीमुळे हंगेरीत अडकला होता. त्यांचं वय तेव्हा चाळीस.

त्यांनी त्यानंतर काय केलं, ते तुमच्या कामाचं आहे. पद गेलं तरी प्रयोगशाळेचं टेबल सोडलं नाही. कधी हृदयरोगतज्ज्ञ एलियट बार्नाथन यांच्या गटात, ते नोकरी सोडून गेल्यावर डेव्हिड लँगर या तरुण डॉक्टरांच्या आग्रहामुळे मेंदूशल्यविभागात, अशी दुसऱ्यांच्या छपराखाली त्यांनी जागा मिळवली. हे लँगर त्यांच्याहून वयानं लहान, त्यांच्याबरोबर काम करून शिकलेले. तुम्हाला जी गोष्ट आज बोचते आहे, तीच त्यांच्या बाबतीत आधार ठरली. १९९७ च्या सुमारास फोटोकॉपीच्या मशीनपाशी वाइसमन भेटले, बोलणं झालं, एकत्र काम सुरू झालं.

आणि काम पुढे गेलं ते एका अपयशावर नीट नजर रोखल्यामुळे. बाहेरून दिलेला एम-आरएनए पेशींना शत्रू वाटायचा आणि दाह व्हायचा. इतरांच्या लेखी हा विषय तिथेच मिटला होता. या दोघांनी तपासलं तर दुसऱ्या एका प्रकारच्या आरएनएमुळे, टी-आरएनएमुळे, तसा दाह होत नव्हता. फरक काय? त्याच्या घटकांमध्ये नैसर्गिक फेरफार झालेले असतात. मग त्यांनी एम-आरएनएतला युरिडीन हा घटक बदलून तिथे त्याचंच फेरफार झालेलं रूप, स्यूडोयुरिडीन, घातलं आणि दाह थांबला. २००५ मध्ये तो शोधनिबंध आला. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०२० मध्ये करोनाच्या एम-आरएनए लसी बनल्या त्या याच पायावर.

त्यांच्यासारखं टिकून राहा, असं मी तुम्हाला सरसकट सांगणार नाही. तुमचा विषय तुम्हालाच ठाऊक. पण स्वतःला एक विचारा : पद काढून घेतल्यावरही ज्या प्रश्नानं तुम्हाला या क्षेत्रात आणलं तो प्रश्न अजून ओढतो का? ओढत असेल तर कुणाच्या टेबलाचा कोपरा मिळेल ते बघा, आणि ज्यांना शिकवलं त्यांच्याकडे आधी जा. ओढत नसेल, तर अपमान सहन करत तिथे बसण्याची कुणाला गरज नाही.

प्रश्न : मी संगीत शिकवतो. गेल्या काही वर्षांत ऐकणं कमी होत चाललंय. वरचे सूर नीट कळत नाहीत. विद्यार्थ्यांपासून लपवतो. लोक म्हणतात, बेथोव्हन बघा! पण ते बेथोव्हन होते हो. मला तर कधी कधी जगण्यातच अर्थ वाटत नाही.

सर, तुमचं शेवटचं वाक्य मी आधी घेते. ते आज घरातल्या एका माणसाला मोठ्यानं सांगा, आणि डॉक्टरांनाही सांगा. असे विचार येणं हा आजारपणाचा भाग असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. त्यासाठी थांबू नका. कानांची तपासणीही लगेच करून घ्या. आजच्या श्रवणयंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळवणी करता येते. तज्ज्ञांना सांगा की बोलणं ऐकण्याइतकेच मला सूर महत्त्वाचे आहेत.

आता बेथोव्हन, ते बहिरेपण आलेले जर्मन संगीतकार. त्यांनी ऑक्टोबर १८०२ मध्ये, ३१ वर्षांचे असताना, व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट गावाहून भावांना एक पत्र लिहिलं. ते कधी पाठवलं नाही. १८२७ मध्ये ते गेल्यावर कागदपत्रांत सापडलं. त्यात ते लिहितात की शेजारच्या माणसाला दुरून बासरी ऐकू येते आणि मला काहीच येत नाही. कुणी धनगर गात असतो, तेही मला ऐकू येत नाही. लोकांना “मोठ्यानं बोला, मी बहिरा आहे” असं सांगणं जमत नाही, म्हणून मी माणसांपासून दूर राहतो. आयुष्य संपवण्याच्या काठावर होतो, कलेनं मागे ओढलं. तुम्ही जे लपवताय, जे वाटतंय, तेच त्यांना वाटत होतं. त्या क्षणी ते तुमच्याइतकेच एकटे होते. तुमचं पत्र वाचताना मला त्यांचं पत्र आठवलं, म्हणून त्यांचं नाव घेते. नवव्या सिम्फनीचं कौतुक ऐकवण्यासाठी नाही.

पुढची वर्षं बघा. दोन वर्षांत तिसरी सिम्फनी पुरी झाली. मग कानाला लावायचे कर्णे आले. १८१८ च्या सुमारापासून त्यांनी वह्या ठेवल्या. भेटायला येणारा माणूस आपलं बोलणं त्या वहीत लिहायचा आणि ते तोंडी उत्तर द्यायचे. ते लपवणं सुटलं तेव्हाच या वह्या आल्या. तुम्ही विद्यार्थ्यांना सांगून टाका. वरचे सूर तपासायला एखादा जाणता विद्यार्थी शेजारी बसवा, सुरांचं यंत्र समोर ठेवा. श्वास कुठे घ्यावा, लय कुठे सुटते, बोटं कशी पडतात, हे तुम्हाला अजून दिसतं. आणि तेच शिकवायला जाणता गुरू लागतो.

प्रश्न : ज्यांना शेवटी यश मिळालं त्यांच्याच गोष्टी सांगितल्या जातात. ज्यांना मिळालं नाही त्यांच्याकडून काय घ्यायचं?

फार मोलाचा प्रश्न. आनंदीबाई जोशी यांचं आयुष्य मी याच नजरेनं वाचते. चौदाव्या वर्षी मूल झालं, दहा दिवसांत गेलं, वैद्यकीय मदत मिळाली नाही. १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी ठरली होती. क्षयानं २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. एकाही रुग्णाला तिथे तपासणं झालं नाही.

निघण्यापूर्वी बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत त्यांनी जे भाषण केलं ते मिळवून वाचा. लोकांचे आक्षेप त्यांनी एकामागून एक घेतले : अमेरिकेलाच का, इथे शिकण्याची सोय नाही का, एकटीच का, परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय, तिथे काही बरंवाईट झालं तर काय, आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते तूच का करतेस. प्रत्येकाला शांतपणे उत्तर दिलं. अठरा वर्षंही पुरी न झालेली मुलगी, भर सभेत! पुढे आजारपण आलं म्हणून त्या सभेतल्या उत्तरांचं वजन उणं होत नाही. माझ्या विद्यार्थिनी एखाद्या नकाराला उत्तर द्यायला घाबरतात तेव्हा मी त्यांना हे भाषण वाचायला देते आणि आपापल्या आक्षेपांची यादी करून एकेकाला उत्तर लिहायला सांगते. आणि हेही सांगते की थंडीत, परक्या हवेत, अपुऱ्या विश्रांतीत त्यांची तब्येत ढासळत होती. स्वतःची हेळसांड ही त्यांच्याकडून घेण्याची गोष्ट नव्हे.

प्रश्न : माझ्या आजीनं तरुणपणी फार सोसलं आणि एकटीनं घर उभं केलं, असं सगळे म्हणतात. ती मात्र “त्यात काय सांगायचं” म्हणते. तिची गोष्ट लिहून ठेवायची आहे. कसं विचारू? — इयत्ता नववी

अरे वा! चांगलं काम हाती घेतलंस. आजीला “तू एवढं कसं सोसलंस?” असं विचारू नकोस. त्यावर सगळे “केलं बाबा कसंतरी” म्हणतात. लहान आणि नेमकं विचार. त्या वर्षी सकाळी सगळ्यात आधी कुठलं काम करायचीस? घरात कोण कोण होतं? पहिल्यांदा मदत कुणी केली? कुणी नाही म्हटलं होतं? कधी सगळं सोडून द्यावंसं वाटलं होतं का, आणि त्या दिवशी संध्याकाळी तू काय केलंस? एखादी जुनी वस्तू किंवा फोटो हातात दे, त्यावरून बोलणं निघतं. मध्ये बोलू नकोस, आणि तिनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिही. तू चांगली वाक्यं करायला जाऊ नकोस.

एखाद्या गोष्टीवर ती गप्प झाली तर तिथे पुन्हा जाऊ नकोस. तिला वाटलं तर ती आपणहून येईल त्या विषयावर. एका बैठकीत फार वेळ बसवू नकोस. लिहून झालं की तिला वाचून दाखव आणि ती ‘हे काढ’ म्हणेल ते काढून टाक.